पुसण्याआधी धुवा: चष्मा आणि गॉगलबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की महागाचा चष्मा किंवा गॉगल कसा सांभाळायचा याबद्दल काही शंका असतील तर पाठवा, तर तुम्ही भरभरून पाठवल्यात. सगळ्या वाचल्या. काउंटरमागे उभं राहून रोज लोकांचे चष्मे हातात घेणारी बाई म्हणून एक गोष्ट आधीच सांगते, माझ्याकडे खराब होऊन येणाऱ्या काचा बहुतेक वेळा पडून फुटलेल्या नसतात, त्या साफ करतानाच खराब झालेल्या असतात, आणि ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं कारण माणसाने जपायलाच घेतलेलं असतं ना. म्हणून आज पहिल्या प्रश्नावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

प्रश्न: माझा चष्मा चांगल्या कंपनीचा आहे, काचेवर सगळी कोटिंग्ज आहेत. सोबत मिळालेल्या मऊ कापडानेच दिवसातून चार-पाचदा पुसतो, शर्टाला कधी लावत नाही. तरी वर्षभरात मधोमध बारीक गोल गोल चरे आलेत. काच खराब दिली का मला?

काच चांगलीच असणार. चरे गोल आहेत आणि मधोमध आहेत म्हणालात ना, त्यातच उत्तर आहे. आपण कापड धरून अंगठा जसा गोल फिरवतो तसेच ते चरे उमटलेत. कापड मऊच आहे, चरा कापडाने पडत नाही, कापड आणि काच यांच्या मध्ये जी धूळ अडकते तिने पडतो. हवेतल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोहस मापावर क्वार्ट्झ 7 वर आहे, साधी खिडकीची काच 5.5 च्या आसपास, आणि आपण ज्याला सवयीने 'काच' म्हणतो ते चष्म्याचं लेन्स आजकाल जवळपास नेहमी प्लास्टिकचं असतं, ते त्याहून कितीतरी मऊ. वरचं हार्ड कोटिंग मदत करतं पण ते चिलखत नाही. मग कोरड्या काचेवर कोरडं कापड फिरवलं की तो कण काचेवरून ओढला जातो, आणि दिवसातून पाचदा म्हणजे पाच वेळा तेच.

आजी-आजोबांचे चष्मे सदऱ्याला पुसूनही वर्षानुवर्षं चालायचे असं बरेच जण सांगतात, ते खरंच आहे, कारण त्यात अस्सल काच होती. सीआर-39 नावाचं प्लास्टिक 1940 च्या दशकात निघालं, हलकं आणि सहजासहजी न फुटणारं म्हणून पुढे चष्म्यात तेच रुळलं, पॉलिकार्बोनेट आणि हाय इंडेक्सवाली, म्हणजे जास्त नंबरलाही काच पातळ ठेवणारी, प्लास्टिकं त्यानंतरची. चष्मा हलका झाला पण पुसायची सवय मात्र जड काचेच्या काळातलीच राहिली.

आता मी माझा चष्मा कसा धुते ते सांगते. आधी हात साबणाने धुवायचे, कारण बोटांवर क्रीम, तेल काहीतरी असतंच. मग नळाची धार बारीक आणि पाणी थंड किंवा जेमतेम कोमट, गरम अजिबात नाही. पहिली धार नुसतीच दोन्ही बाजूंनी सोडायची, हात न लावता, म्हणजे सुटी धूळ वाहून जाते, ही पायरी लोक गाळतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, खरंच एकच थेंब, बोटावर घेऊन काचेच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवायचा. हातांना मऊ ठेवणारं लोशनवालं लिक्विड नको, त्याचा थर काचेवर राहतो. बोट फिरवताना कधी लक्ष द्या, तेलकट काच आधी बुळबुळीत लागते आणि तेल सुटलं की बोट जरा अडखळायला लागतं, तिथे थांबायचं. काच फ्रेममध्ये बसते त्या कडेला, नोजपॅडच्या मागे आणि कानामागे जाणाऱ्या काडीच्या टोकाला घाम आणि मेकअप साचून राहतो, तिथे पण बोट घालायचं. परत धार, साबण पूर्ण जाईपर्यंत. मग हलकेच झटकायचा, कोटिंग नवं असेल तर पाणी मण्यांसारखं घरंगळून जातं, उरलेले थेंब धुतलेल्या मायक्रोफायबरने टिपायचे, घासायचे नाहीत. थेंब तसेच वाळू देऊ नका कारण पाणी जड असेल तर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि मग ते काढायला परत घासावं लागतं.

एवढ्याला मिनिटभर लागतं. रोज रात्री एकदा हे केलंत तर दिवसातून पाचदा पुसायची गरजच पडत नाही. आणि हो, तोंडाची वाफ सोडून पुसणं म्हणजे धुणं नव्हे, तेवढ्या ओलाव्याने धूळ वाहत नाही, चिकटते.

प्रश्न: सॅनिटायझर, खिडकीच्या काचा पुसायचा स्प्रे, व्हिनेगरचं पाणी, बेबी वाइप्स, सगळे सगळं सांगतात. नक्की काय चालतं?

पाणी आणि लिक्विड सगळ्यात बरं. बाहेर असाल तर चष्म्यासाठीचाच स्प्रे, बाटलीवर अँटीग्लेअरला, म्हणजे काचेची चमक काढणाऱ्या कोटिंगला, चालतो असं लिहिलेलं बघून घ्या, आणि तो कंजूषपणे नाही, काच चांगली ओली होईल इतका मारा, म्हणजे धूळ सुटेल.

खिडकीच्या स्प्रेमध्ये बहुतेकदा अमोनिया असतो, व्हिनेगर-लिंबू म्हणजे आम्ल, ब्लीच तर विचारूच नका. काचेच्या सगळ्यात वर पाणी आणि तेल न चिकटू देणारा एक अतिशय पातळ थर असतो, तो या सगळ्यांनी हळूहळू झिजतो. एका दिवसात दिसत नाही म्हणून माणसाला वाटतं की काही होत नाहीये. काही महिन्यांनी मग 'काच सारखी तेलकट होते' अशी तक्रार येते. बेबी वाइप्समध्ये त्वचेसाठीचं लोशन असतं, कितीही पुसा, धुरकटच राहणार.

सॅनिटायझरची सवय 2020 नंतर लागली लोकांना. काचेपेक्षा मला फ्रेमची काळजी वाटते. एक बाई मधाच्या रंगाची सुंदर अ‍ॅसिटेट फ्रेम (अ‍ॅसिटेट म्हणजे फ्रेमसाठी वापरतात ते एक प्लास्टिक) घेऊन आल्या होत्या, रोज घरी आल्यावर सॅनिटायझरने पुसायच्या, दोन्ही काड्यांची आतली बाजू अशी पांढुरकी झाली होती जणू कोणी वरून दूध फिरवलंय. बाहेरची बाजू मात्र चकचकीत, कारण तिकडे त्या कमी पुसायच्या. अ‍ॅसिटेटला अल्कोहोल मानवत नाही. आणि नेलपॉलिश काढायचं लिक्विड तर चुकूनही नाही, त्यात अ‍ॅसिटोन असतं, फ्रेम बनवताना अ‍ॅसिटेटचे तुकडे एकमेकांत विरघळवून जोडायला अ‍ॅसिटोनच वापरतात, म्हणजे विचार करा. पॉलिकार्बोनेटची काचही त्याने कायमची दुधाळ होते.

प्रश्न: अँटीग्लेअर घेतल्यापासून काच जास्तच घाण होते. साधीच घ्यायला हवी होती का?

जास्त घाण होत नाही, जास्त दिसते. साध्या प्लास्टिक काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो, दोन्ही मिळून 8, आणि त्या चमकेत बोटाचे ठसे लपून जातात. अँटीग्लेअर ती चमक काढून टाकतं, मग ठसा उठून दिसतो. साधी काच तेवढीच मळकट असते, आपल्याला कळत नाही इतकंच. रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे बघाल तेव्हा घेतल्याचं समाधान वाटेल तुम्हाला.

प्रश्न: माझा गॉगल कायम गाडीतच असतो, डॅशबोर्डवर. आता काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात, पण बोटाला लागत नाहीत. पडलाही नव्हता. हे काय आहे आणि जाईल का?

जाणार नाही, सॉरी. काच बदलावी लागेल. पण काय झालंय ते समजून घ्या म्हणजे पुढची काच वाचेल.

अँटीग्लेअर म्हणजे सिलिकॉन, टायटॅनियम, झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडचे एकावर एक चढवलेले थर, सगळे मिळून जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज करा. खाली प्लास्टिक आणि वर हे काचेसारखे ठिसूळ थर. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड 70 अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो. प्लास्टिक तापलं की फुगतं, वरचा थर त्याच्या कित्येक पटींनी कमी फुगतो, ओढाताण होते आणि शेवटी वरचा थर तडकतो. चरा बोटाला किंवा नखाला कधीकधी लागतो, हे तडे लागत नाहीत. खात्री करायची असेल तर काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि प्रकाशाचं प्रतिबिंब काचेवरून सरकू द्या, प्रतिबिंबाच्या कडेला ते जाळं एकदम उमटतं आणि समोरून बघितलं तर गायब. म्हणूनच कित्येक जणांना आधी कळतच नाही, फक्त दिव्यांभोवती धुकं आल्यासारखं वाटायला लागतं आणि नंबर बदलला असं समजून ते डोळे तपासायला येतात.

गाडी हे एक कारण झालं, पण गरम पाण्याखाली चष्मा धुणं, हेअर ड्रायरने वाळवणं, ओव्हनचं दार उघडून वाफेत तोंड घालणं, सॉनामध्ये चष्मा घालून बसणं, हे पण त्यातच येतं. पोलराइज्ड, म्हणजे रस्त्यावरची आणि पाण्यावरची चकाकी अडवणाऱ्या, गॉगलला तर आणखी एक धोका आहे, त्यात दोन थरांच्या मध्ये फिल्म असते, उष्णतेने ती कडेपासून सुटायला लागते आणि काचेच्या काठाशी बुडबुडे किंवा चमकदार पट्टा दिसतो. गाडीत ठेवायचाच असेल तर घरात, म्हणजे चष्म्याच्या घरात हो, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये, तेही गाडी सावलीत असेल तर. सगळ्यात बरं म्हणजे उतरताना सोबत घ्या.

प्रश्न: टूथपेस्टने चरे जातात असा व्हिडिओ बघितला. करून बघू का?

नका करू. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खरखरीत कण असतात, बेकिंग सोड्याचंही तेच. ते चरा भरत नाहीत, त्याच्या आजूबाजूचं कोटिंग खरवडतात, एका रेषेच्या जागी रुपयाएवढा धुरकट ठिपका होतो. काचेला जो बाक दिलेला असतो तोच तुमचा नंबर असतो, तो घासून 'लेव्हल' करायची वस्तूच नाही. चरा कडेला असेल तर दुर्लक्ष करा, बरोबर बुबुळासमोर असेल आणि त्रास देत असेल तर फक्त काचा बदला, फ्रेम तीच ठेवता येते बहुतेकदा.

प्रश्न: समुद्रावर आणि पोहायला जाताना आरशासारखा मिरर गॉगल वापरते. एका ट्रिपनंतर त्यावर डाग आलेत आणि फ्रेमचा एक भाग चिकट झालाय. मिठाने असं होतं का?

डाग मिठाचे असू शकतात. खारं पाणी काचेवर वाळलं की मिठाचे खडे उरतात आणि मग कोरड्या टॉवेलने पुसलं की तेच खडे चरे पाडतात, मिरर कोटिंग बाहेरच्या बाजूला असल्याने त्यावर प्रत्येक रेघ चमकून दिसते. पाण्यातून बाहेर आलात की बाटलीतलं प्यायचं पाणी का होईना पण गोडं पाणी त्यावर ओता, क्लोरीनच्या पूलनंतरही तेच. बिजागरीत पण जाऊ द्या पाणी, तिथले स्क्रू बहुतेक स्टीलचे असतात, मीठ राहिलं की गंज धरतात, फ्रेम टायटॅनियमची असली तरी.

चिकटपणा मात्र मिठाचा वाटत नाही मला. तुम्ही डास पळवणारा स्प्रे मारला होता का आठवून बघा. त्यात डीट नावाचं डास पळवणारं रसायन असेल तर ते प्लास्टिक विरघळवतं, अक्षरशः, फ्रेमवर बोटाचा ठसा कोरला गेलेला मी पाहिलाय. काही सनस्क्रीनही प्लास्टिकला आणि कोटिंगला त्रास देतात. परफ्यूम आणि हेअरस्प्रे त्याच रांगेत. क्रम लक्षात ठेवा, आधी स्प्रे-क्रीम, ते पूर्ण वाळू द्या, हात धुवा, मग गॉगल. आणि लागलंच तर संध्याकाळची वाट न बघता लगेच साबणाने धुवा.

प्रश्न: नोजपॅडच्या भोवती हिरवं काहीतरी जमतं. नाकावर खाजही येते. काय लावू?

काही लावू नका, आधी धुवा. मेटल फ्रेममध्ये बऱ्याचदा तांबं असलेला मिश्रधातू असतो, वरचा मुलामा झिजला की तांब्यावर घाम आणि हवा लागून तो हिरवा थर येतो, तांब्याच्या जुन्या भांड्यावर येतो तसाच. लहान मुलांचा मऊ टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून फक्त पॅडच्या मागे फिरवा, ब्रश काचेला लागू देऊ नका. पॅड पिवळे आणि कडक झाले असतील तर बदलून घ्या, ती दोन मिनिटांची गोष्ट आहे आणि चष्मा नवा झाल्यासारखा वाटतो.

खाजेचं वेगळं आहे. मोनेल नावाचा धातू फ्रेममध्ये खूप वापरतात, त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास निकेल असतं आणि बाकी बहुतेक तांबं, निकेलची अ‍ॅलर्जी असलेली माणसं पुष्कळ आहेत. धुऊन आणि पॅड बदलूनही लालसरपणा जात नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पुढची फ्रेम शुद्ध टायटॅनियमची किंवा अ‍ॅसिटेटची घ्या.

प्रश्न: मायक्रोफायबरचं कापड धुवायचं असतं का?

हो! आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. वर्षभर न धुतलेलं कापड म्हणजे तेल आणि धूळ साठवलेली पिशवी. हे कापड पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या अतिशय बारीक धाग्यांचं असतं, धूळ आणि तेल त्या धाग्यांच्या फटींत जाऊन बसतं. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर नको, तो धाग्यांवर थर देतो आणि कापड टिपायचं सोडून फासायला लागतं. टॉवेलसोबत मशीनमध्ये टाकू नका, त्याचे तंतू चिकटतात. इस्त्री नको. दोन-तीन कापडं आलटून पालटून वापरा.

प्रश्न: चष्मा डोक्यावर चढवायची सवय आहे. आता तो सारखा नाकावरून घसरतो. घरीच काड्या वाकवून घट्ट करू का?

डोकं कपाळापेक्षा वर रुंद असतं, त्यामुळे डोक्यावर चढवला की काड्या रोज थोड्या थोड्या फाकतात, शिवाय केसांचं तेल काचेला लागतं. एका हाताने ओढून काढायची सवय असेल तर एकीकडची बिजागरी लवकर सैल होते, म्हणून दोन्ही हातांनी सरळ पुढे काढायचा आणि ठेवताना काचा वर, काड्या खाली. गळ्यातल्या दोरीत अडकवलात तरी डोक्यापेक्षा बरं.

घरी वाकवू नका. अ‍ॅसिटेटच्या काडीला आम्ही गरम हवेवर नेमका तेवढाच भाग मऊ करून बाक देतो, काच बाजूला ठेवून किंवा झाकून, थंड अ‍ॅसिटेट वाकवलं तर कट्कन तुटतं. स्क्रू सैल असेल तर छोट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच आवळायला हरकत नाही, पण स्क्रू पडू नये म्हणून वरून नेलपॉलिशचा थेंब लावतात तो लावू नका, त्यातलं सॉल्व्हंट फ्रेमला लागतं.

प्रश्न: माझे फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारे, लेन्स पहिल्यासारखे काळे होत नाहीत. नीट साफ होत नाहीत म्हणून असं होतंय का?

नाही, सफाईचा संबंध नाही. प्लास्टिकच्या फोटोक्रोमिक काचेत रंग बदलणारे रेणू असतात, दोन-तीन वर्षांत ते थकतात. शिवाय ते अतिनील किरणांवर चालतात, गाडीची पुढची काच ते किरण बरेचसे अडवते म्हणून गाडीत बसल्यावर काच गडद होत नाही, आणि कडक उन्हाळ्यापेक्षा थंडीत जास्त गडद होते. नवीन असतानाही हे असंच असतं, त्यामुळे आधी थंड सकाळी उघड्यावर बघा आणि मग ठरवा.

प्रश्न: गॉगलवर चरे पडले तर अतिनील किरणांपासून मिळणारं संरक्षण कमी होतं का?

दोन-चार चऱ्यांनी नाही. यूव्ही400 म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणं, आणि चांगल्या प्लास्टिक काचेत हा गुण बहुतेकदा वरच्या कोटिंगमध्ये नसून मटेरिअलमध्येच असतो. काच किती काळी आहे यावर तो अवलंबून नाही. पण चऱ्यांनी प्रकाश विखुरतो, डोळे आकसून बघावं लागतं, डोकं दुखतं, तेव्हा त्यासाठी बदला.

प्रश्न: वडील गेले, त्यांची जाड काळी फ्रेम माझ्याकडे आहे. त्यात माझा नंबर बसवून वापरायची इच्छा आहे. खूप जुनी आहे. साफ कशी करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घाई करू नका, एवढंच आधी सांगते. फ्रेम नाकाजवळ घेऊन वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर अ‍ॅसिटेट विघटित व्हायला लागलंय, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि हवाबंद डबीत ठेवलं तर ते तिथेच कोंडून प्रक्रिया वाढते, म्हणून आधी ती बंद डबीतून बाहेर काढा आणि थंड, कोरड्या, हवा लागेल अशा जागी कागदात ठेवा. मग नाकाच्या पुलापाशी आणि बिजागरीच्या भोवती उजेडात बघा, केसासारखी रेघ दिसली तर त्यात नवीन काच बसवायला लावू नका, बसवताना तिथेच तुटेल.

वास नाही आणि रेघही नाही, तर आशा आहे. गार पाण्यात लिक्विडचा थेंब टाकून मऊ कापडाने फक्त पुसा, भिजत घालू नका. दुकानातलं अल्ट्रासॉनिक मशीन चष्म्यांच्या खाचा छान साफ करतं पण या फ्रेमला नको, तसं आधीच सांगा, कारण जुना तडा त्याने उघडू शकतो. वरचा पांढुरका थर आमच्याकडच्या पॉलिशिंग चाकावर बऱ्याचदा निघतो आणि खालून मूळ काळा रंग वर येतो. काड्यांच्या आतल्या बाजूला वडिलांच्या कानामागे झिजलेली जागा असेल, ती पॉलिश करू नका असं सांगितलंत तर चांगला कारागीर ती तशीच ठेवेल.